हाली का कल्दार

घटक चाचणीचा तिसरा प्रश्न : लॉग दोन किती?
दीक्षा गायसमुद्रेनं लिहिलं, पॉइंट तीन शून्य एक.
तिच्याच बाकावरच्या तहसीननं, पॉइंट सहा नऊ तीन.
मधल्या सुट्टीत दोघी स्टाफरूमच्या दारात,
"मॅडम, हिनं भलतंच बटण दाबलंय."
"मी काहून? तूच दाबलीस."

एकाच कंपनीचे दोन कॅल्क्युलेटर,
दोन्हींवर शेजारी शेजारी दोन बटणं :
लॉग, आणि एल-एन.
मी लाल पेनाला टोपण लावलं
आणि का कोण जाणे, आजोबा आठवले.

आजोबा लातूरला गुळाच्या अडतीवर मुनीम.
निजामाच्या राज्यातलं सांगायचे :
ढेपा चढवून बार्शीच्या छोट्या गाडीत बसायचं,
सरहद्द ओलांडली की रुपया बदलायचा.
इकडं हाली, तिकडं कल्दार.
सहा कल्दारांचे सात हाली, धरून चाला.
कुणी नुसतं म्हणालं, शंभर रुपये देतो,
की आजोबा विचारायचे, "कसले? हाली का कल्दार?"
समोरचा चिडायचा, रुपया म्हणजे रुपया!
तोवर आजोबांची लेखणी कानावरच.

तसंच आहे गं हे, मी म्हणाले.
दोन तोच. नाणं वेगळं.
दीक्षा, तुझा पाया दहा :
दहाला कितव्या घातावर बसवलं की दोन होतात?
तीन दशांशाच्या जरासं वर.
तहसीन, तुझा पाया ई :
त्याला घात थोरला लागतो, सात दशांशाला थोडा कमी.
दीक्षाचं उत्तर दोन पॉइंट तीन शून्य तीननं गुण,
तुझं येतं. सरहद्दीवरचा भाव, दुसरं काय.

दीक्षाला दहा लगेच पटला.
भूकंपाच्या आकड्यात पाचाचे सहा झाले
तर सुईचा झोका दहापट,
हे आमच्या औशाकडं शिकवावं लागत नाही.

तहसीन अडली.
"दोन पॉइंट सात एक आठ दोन... संपतच नाही.
असला पाया कोण घेतंय?
आणि वर नाव काय, तर नैसर्गिक!"

खिडकीबाहेर नव्या खोलीचं काम चाललेलं,
फळ्यांच्या चढावरून घमेली वर जात होती.
म्हटलं, तिकडं बघ. असाच एक चढ समज.
एकच्या खुणेपासून निघालीस
की तिथं जितकं पुढं तितकंच वर, हिशेब सरळ.
दोनच्या खुणेशी चढ निम्मा.
दहाच्या खुणेशी दहावा हिस्सा.
चढ मंदावत जातो, पण सपाट कधीच होत नाही,
आणि उंचीला शेवट नाही.
हाच चढ दहाच्या पायावर रचला
तर निघतानाच एक कारकून आडवा येतो,
पॉइंट चार तीन चार,
करोडगिरीच्या नाक्यावर बसल्यासारखा,
आणि पावलागणिक पावती फाडतो.
ई घेतला की नाका उठतो.
म्हणून नैसर्गिक.

ती बराच वेळ घमेल्यांकडं बघत राहिली.
"मग दहा कशाला ठेवलाय?"
बाजार दहात चालतो, बाई.

"ते राहू द्या," दीक्षा म्हणाली, "बरोबर कुणाचं?"

मी प्रश्नपत्रिका ओढली.
लॉग. पुढं दोन.
लॉगच्या पायथ्याशी, जिथं बारकासा आकडा असायला हवा,
तिथं कोरा कागद.
पेपर मीच काढलेला,
रात्री, लाईट जायच्या आत, घाईघाईनं.

दोघींना पूर्ण गुण दिले. त्या भांडतच गेल्या,
आता कुणाचा नाका मोठा यावर.

मग सकाळीच तपासून ठेवलेल्या गठ्ठ्यात शोधलं.
सुग्रीव घोडके, शेवटचा बाक.
तिसऱ्या प्रश्नापुढं त्यानं आकडा लिहिलाच नव्हता.
पेन्सिलीनं, पुसता येईल इतकं फिकट,
एवढंच : मॅडम, पाया?

त्याच्यावर माझं लाल शून्य,
चांगलं गोल.